शनवारा चौकाला उतार हवा

माननीय महापौर आणि आयुक्त,
नगर निगम, बऱ्हाणपूर



रहीम खानखानाच्या काळात, 1615 साली, सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालून या शहरात आणलं गेलं. आपण त्याला कुंडी भंडारा म्हणतो आणि पाहुणे आले की कौतुकाने दाखवायला नेतो. शंभरावर कुंड्या आणि त्यांना जोडणारे बोगदे, पण पाणी ओढायला ना मोट ना रहाट. पाण्याने कुठून आणि किती वेगाने जायचं हे उताराने ठरवलं. शनवारा चौकाबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे की रहदारीचंही असंच असतं. रस्त्याचा आकार जसा असेल तशी गाडी चालते. आपण मात्र आकाराला हात न लावता चालकाला उपदेश करतो, शिट्टी वाजवतो, वर्षातून एकदा ‘सडक सुरक्षा’ सप्ताहाचे फलक लावतो आणि चौक तसाच राहतो.

चौकाचं वळण जरा जवळून पाहा. कोपरा गोल आणि ऐसपैस असला की मोटरसायकलवाला डावीकडे वळताना ब्रेकला पायही लावत नाही. त्याचं लक्ष उजवीकडून येणाऱ्या गाड्यांकडे असतं आणि नेमक्या त्याच वेळी डाव्या हाताला एखादी बाई पिशवी सावरत रस्त्यात उतरलेली असते. दोघांपैकी कोणीच नियम मोडलेला नाही, तरी धडक तिथेच व्हायची. ताशी 50 किलोमीटर वेगात चालकाला भान येऊन ब्रेक दाबेपर्यंतच्या एका सेकंदात गाडी सुमारे 14 मीटर पुढे गेलेली असते. वेग 30 असेल तर 8 मीटर. पायी माणसाच्या दृष्टीने या 6 मीटरमध्ये सगळं आलं. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताची शक्यता सुमारे चार टक्क्यांनी वाढते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. उलट कोपरा आवळला, पदपथाची कड पुढे आणली, की तोच मोटरसायकलवाला कोणी न सांगता हळू होतो आणि ओलांडणाऱ्याचं अंतरही कमी होतं. 14 मीटर रुंदीचा रस्ता धडधाकट माणूस 12 सेकंदांत पार करतो, म्हातारा माणूस 16-17 सेकंद घेतो. मध्ये थांबायला उंचवटा असेल तर त्याला एका वेळी एकाच बाजूची रहदारी पाहावी लागते.

केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 साली देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं दगावली. त्यांत 32,825 पायी चालणारे होते आणि 4,836 सायकलस्वार, म्हणजे पाचातल्या एकाहून जास्त. अपघातांच्या संख्येत मध्य प्रदेश त्या वर्षी देशात दुसरा होता. बऱ्हाणपूर हे यंत्रमागांचं गाव. इथे पाळीला जाणारा कारागीर सायकलवर किंवा पायी निघतो आणि अंधार पडल्यावर तसाच परततो. त्याच्या सायकलला मागे लाल दिवा नसतो, हे खरं. पण त्याच्यासाठी रस्त्यावर जागाही नसते, हेही तितकंच खरं.

पहिला आक्षेप जामचा येईल. हिशेब करून पाहू. चौकातले 100 मीटर ताशी 40 वेगाने पार करायला 9 सेकंद लागतात, 20 वेगाने 18. म्हणजे वाहनवाल्याचं नुकसान 9 सेकंदांचं, आणि गर्दीच्या वेळी तेवढंही नाही, कारण तेव्हा 40 चा वेग मिळतोच कुठे? जाम होतो तो कोपऱ्यावरच थांबून सवारी घेणाऱ्या ऑटोंमुळे आणि ई-रिक्षांमुळे. त्यांना चौकापासून थोडं दूर, आखून दिलेली जागा हवी. हातठेलेवाल्यांनाही तसंच. त्यांना हुसकावून पदपथ मोकळा करण्याची मोहीम मला पसंत नाही. चार दिवसांत ठेले परत येतात, आणि संध्याकाळी त्यांच्याच उजेडामुळे बायकामुलींना तिथून जाणं सोपं वाटतं.

दुसरा आक्षेप, इंदूर-इच्छापूर मार्गाची जड वाहतूक बाहेरून वळवली की प्रश्न आपोआप सुटेल. ट्रक कमी होतील, ते व्हायलाच हवेत. पण दुचाकी, ऑटो आणि केळीची पिकअप गाडी इथलीच आहे. ती बाह्यवळणाने कशाला जाईल? शिवाय ट्रक गेल्यावर मोकळा झालेला रस्ता उरलेल्यांना आणखी वेगाचं आमंत्रण देतो.

तिसरा आक्षेप मला पटतो. पुण्यात सायकलमार्ग बांधले, त्यांतल्या पुष्कळांवर गाड्या उभ्या राहू लागल्या. म्हणून मी सायकलसाठी वेगळ्या पट्ट्याचा आग्रह धरत नाही. बऱ्हाणपुरात तो पट्टा आठवड्यात भाजीबाजार होईल. सायकलवाल्याला मुख्य गरज आहे ती चौकात सगळ्यांचा वेग त्याच्या वेगाजवळ येण्याची. त्याच पुण्यात जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद केले, तेव्हाही रहदारी कोंडेल असं म्हटलं गेलं होतं. आज तिथे माणसं चालतात, बसतात, आणि दुकानंही चालतात.

कायदा तुमच्या बाजूने आहे, किंवा खरं तर तुमच्या मागे लागलेला आहे. 14 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पदपथ वापरण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 198-अ नुसार रस्त्याच्या रचनेतल्या दोषामुळे मृत्यू झाला तर जबाबदार यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम किरकोळ आहे, पण दोष रचनेचा असू शकतो हे कायद्याने मान्य केलं, हे मोठं.

1731 साली निजाम आसफजाहने या शहराला कोट घातला. त्या कोटाचा शनवारा दरवाजा अजून उभा आहे. दरवाजा बांधायचाच मुळी येणाऱ्याची चाल मंदावण्यासाठी. त्याच्या दगडाला हात लावू नका. आजूबाजूच्या डांबरावर मात्र रंगाने नवे कोपरे आखा, शंकू आणि वाळूच्या गोण्या ठेवा, आणि तीन महिने पाहा. चुकलं तर रंग पुसता येतो, सिमेंट पुसता येत नाही. त्याआधी आणि त्यानंतर किती माणसांनी रस्ता ओलांडला, किती सायकली गेल्या, गाड्यांचा वेग किती होता, हे मोजून निगमच्या दारावर लावा. आजवर आपण रस्त्यावर वाहनं मोजत आलो, माणसं मोजली नाहीत. या मोजणीला निविदा लागत नाही. चार कोपऱ्यांवर चार माणसं, हातात वही, सकाळी आठ ते रात्री आठ, एवढंच लागतं. येत्या सोमवारी सुरू करा.

आपला,
बऱ्हाणपूरचा एक पायी चालणारा रहिवासी