विश्लेषण : नळजोडणी, ड्रेनेजच्या कामाला परवाना कशासाठी?

छत्रपती संभाजीनगरची नवी पाणीपुरवठा योजना १,६८० कोटी रुपयांवरून २,७४० कोटींवर गेली. चर्चा होते ती जायकवाडीहून येणाऱ्या मोठ्या जलवाहिनीची. मात्र घरात येणारे पाणी स्वच्छ असेल की नाही, हे गल्लीतल्या जोडणीवरही ठरते. ती जोडणी कोणी करायची, याबाबत कायदा स्पष्ट आहे.

मुकुंदवाडीसारख्या भागात धोका काय?

२०१९ च्या टंचाईत मुकुंदवाडीतली मुले रेल्वेने औरंगाबाद स्थानकापर्यंत जाऊन पाणी आणत होती. जिथे पाण्याची अशी वणवण, तिथे गढूळ आलेले पाणीही ओतून देणे परवडत नाही. शहरात पाणी काही दिवसांच्या खंडाने येते. नळ बंद असताना वाहिनीतला दाब संपतो. शेजारची ड्रेनेज लाइन गळत असेल आणि नळाचा जोड सैल असेल, तर मैलापाणी आत शिरते. म्हणूनच जलवाहिनी आणि मलवाहिनीत किमान ३ मीटर अंतर ठेवावे, एकमेकींना ओलांडताना जलवाहिनी किमान अर्धा मीटर वर असावी, असे केंद्राची मार्गदर्शिका सांगते. अरुंद गल्लीत ३ मीटर जागाच नसते. तिथे सगळी भिस्त जोडणी करणाऱ्याच्या हातावर असते.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसार प्लंबरला परवाना देण्याचा अधिकार आयुक्तांना आहे. नळ आणि गटारजोडणीची कामे परवानाधारकानेच करायची आहेत. परवाना नसलेल्याकडून ती करून घेण्यासही मनाई आहे. म्हणजे जबाबदारी घरमालकावरही येते.

मोठ्या ठेकेदारांचे काय?

सार्वजनिक बांधकाम विभागाकडील नोंदणीत ठेकेदाराचा वर्ग कामाच्या रकमेनुसार ठरतो. आर्थिक कुवत आणि अनुभव त्यात तपासला जातो. पण खड्ड्यात उतरून जोड बसवणारा मजूर अनेकदा पोटठेकेदाराचा असतो. त्याच्या कौशल्याची हमी या नोंदणीतून मिळत नाही. ती अट निविदेतच घालावी लागते.

चेंबरमध्ये माणूस उतरवला तर?

२०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय गटार किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवण्यास बंदी आहे. पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये मृताच्या वारसांची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. ठेक्याच्या कामात मृत्यू झाल्यास ठेका तत्काळ रद्द होईल आणि आर्थिक जबाबदारी निश्चित होईल, अशी यंत्रणा उभारण्याचे आदेशही सरकारांना दिले.

नागरिकांनी काय पाहावे?

काम सुरू होण्याआधी प्लंबरचा परवाना क्रमांक आणि मुदत पाहावी, पावती घ्यावी. खड्डा बुजवण्यापूर्वी जोडाचा फोटो काढून ठेवावा. पाणी गढूळ किंवा दुर्गंधीयुक्त आल्यास ते पिण्यास वापरू नये आणि वॉर्ड कार्यालयात लेखी तक्रार द्यावी. परवाना असला म्हणजे काम चांगलेच होईल असे नाही. पण बिघडले तर जाब कोणाला विचारायचा, हे त्यावरून ठरते. बिनपरवाना कामात खड्डा बुजला की तो माणूसही सापडत नाही.