‘कालबाह्य’ म्हटले, पण काढले कोणी? सॉकेटच्या जुन्या पर्यायांचा इतिहास (धागा)

१/
ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलच्या ‘प्रोजेक्ट झीरो’ या सुरक्षा-संशोधन गटातील यान हॉर्न यांनी एक सविस्तर लेख प्रसिद्ध केला. क्रोम ब्राउझर संकेतस्थळांकडून आलेला कोड एका बंदिस्त खोलीत चालवतो. त्या खोलीतून थेट लिनक्सच्या कर्नेलपर्यंत, म्हणजे प्रणालीच्या गाभाऱ्यापर्यंत पोहोचता येते, हे त्यांनी करून दाखवले. वाट सापडली ती क्रोमच्या स्वतःच्या कामात न लागणाऱ्या एका सोयीतून. या सोयीची वंशावळ १९८१ पर्यंत मागे जाते.

२/
ही वंशावळ नीट वाचली, तर एका प्रोग्रामरच्या हातून झालेली चूक हा तिच्यातील सर्वांत छोटा भाग ठरतो. मोठा दोष एका सवयीचा आहे: जुन्या गोष्टीवर ‘कालबाह्य’ असा शिक्का मारायचा आणि ती जागच्या जागी ठेवून द्यायची. शिक्का मारणाऱ्याला कर्तव्य पार पडल्याचे समाधान मिळते, आणि किंमत मात्र चाळीस वर्षांनी भलताच कोणीतरी मोजतो.

३/
आधी सॉकेट म्हणजे काय ते पाहू. १९८३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील गटाने ४.२ बीएसडी ही युनिक्सची आवृत्ती प्रसिद्ध केली. प्रोग्रामला नेटवर्कशी बोलण्यासाठी कर्नेलने उघडून दिलेली खिडकी म्हणजे सॉकेट, ही रचना तिच्यामुळे सर्वदूर रुजली. खिडकी कशी वागावी हे सांगणाऱ्या छोट्या कळा म्हणजे सॉकेट पर्याय. प्रत्येक पर्यायाला कर्नेलमध्ये एक क्रमांक असतो. तो क्रमांक एकदा प्रोग्रामांत शिरला की सनदेसारखा पिढ्यान्‌पिढ्या चालतो.

४/
आता १९८१ कडे. त्या वर्षी सप्टेंबरात जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेला आरएफसी ७९३ हा टीसीपीचा मानक दस्तऐवज आला. टीसीपी बाइट पाठवलेल्या क्रमानेच पोहोचवतो. पण दूरच्या यंत्रावर एखादा प्रोग्राम बेफाम धावत सुटला आणि वापरकर्त्याने थांबवण्याची कळ दाबली, तर? ती कळही रांगेतच उभी राहणार. म्हणून दस्तऐवजाने ‘तातडीची खूण’ दिली: या जागेपर्यंतचा मजकूर तातडीचा आहे, तिथवर लवकर या.

५/
इथे बखरींच्या अभ्यासकांना ओळखीचे वाटेल असे काही घडले: एकाच दस्तऐवजात पाठभेद निघाला. एका ठिकाणी खूण तातडीच्या शेवटच्या बाइटवर असते, तर दुसऱ्या ठिकाणी त्याच्या पुढच्या बाइटवर. फरक अवघ्या एका बाइटचा. बर्कलीकरांनी दुसरा पाठ उचलला. शिवाय मूळ कल्पनेत तातडीचा मजकूर प्रवाहाचाच भाग होता, तर त्यांच्या सॉकेटने शेवटचा एक बाइट प्रवाहाबाहेर काढून वेगळा ठेवला आणि त्याला ‘आउट-ऑफ-बँड’ म्हटले. तो एमएसजी-ओओबी या खुणेने पाठवायचा व वाचायचा. तो प्रवाहातच हवा असेल, तर एसओ-ओओबीइनलाइन हा पर्याय लावायचा. लिनक्समध्ये त्याचा क्रमांक १०.

६/
ऑक्टोबर १९८९ मध्ये आरएफसी ११२२ ने निर्णय दिला: पहिला पाठ खरा, दुसरा चूक. हा निर्णय जवळजवळ कोणीच पाळला नाही. लिनक्सने अधिकृत अर्थ लावण्यासाठी टीसीपी-एसटीडीयूआरजी नावाचा एक खटका ठेवला आणि तो बंदच ठेवला. तो चालू केल्यास इतरांशी संवाद बिघडू शकतो, असा इशारा लिनक्सच्या माहितीपुस्तिकेत आहे. मानक पाळणे धोक्याचे आणि चूक पाळणे सुरक्षित, अशी ही अवस्था.

७/
१९९७ मध्ये ‘विननूक’ आले. विंडोज ९५ किंवा एनटी चालवणाऱ्या यंत्राच्या १३९ क्रमांकाच्या पोर्टवर तातडीची खूण लावलेला मजकूर पाठवला की यंत्र निळ्या पडद्यावर कोसळत असे. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली. त्या वेळी प्रश्न विचारला गेला तो फक्त त्या चुकीबद्दल. ही सोय हवीच कशाला, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

८/
जानेवारी २०११ मध्ये फर्नांडो गोंट आणि अँड्र्यू युर्चेंको यांनी आरएफसी ६०९३ लिहिला. सगळे जग चुकीचाच पाठ वापरते हे मान्य करून मानकच चुकीप्रमाणे बदलले. काही फायरवॉल ही खूण वाटेतच पुसून टाकतात, हेही त्यात नोंदले आहे. नव्या प्रोग्रामांनी ही सोय वापरू नये, असा सल्ला दिला. आणि त्याच दस्तऐवजात टीसीपीच्या प्रत्येक कर्त्याला बजावले, की सोय पुरवलीच पाहिजे. २०२२ च्या आरएफसी ९२९३ या नव्या मानकातही तेच कायम आहे.

९/
कोणी वापरू नये, पण सर्वांनी बाळगावे. काम संपले, वतन मात्र सुरू! या आज्ञेला ‘निवृत्ती’ म्हणणे शब्दाचा अपमान आहे. ज्या निवृत्तीला तारीख नाही, जिच्यासाठी कोणाच्या दारी निरोप गेलेला नाही, ती झालेलीच नसते.

१०/
पुरावा? २०२१ मध्ये, म्हणजे त्या सल्ल्यानंतर दहा वर्षांनी, लिनक्स ५.१५ मध्ये एमएसजी-ओओबी नव्याने दाखल झाली, तीही एकाच यंत्रातील प्रोग्रामांनी आपसात बोलण्याच्या युनिक्स सॉकेटांत. बदल ओरॅकलच्या अभियंत्याकडून आला होता. आरएफसी ६०९३ टीसीपीपुरता होता, त्यामुळे नियमभंग झाला असे कोणाला म्हणता येणार नाही. पण ‘हे वापरू नका’ हे शहाणपण जर एका कागदातच राहिले, तर शेजारच्या दालनात तीच वस्तू नवी म्हणून मांडली जाणारच. हॉर्न यांना वाट सापडली ती इथेच. वेगळ्या ठेवलेल्या त्या एका बाइटचा हिशेब ठेवताना कर्नेल आधीच मोकळी केलेली स्मृती पुन्हा वापरत होते. त्या दोषाचा नोंदणी क्रमांक सीव्हीई-२०२५-३८२३६.

११/
बचावपक्षाचे म्हणणे ऐकायलाच हवे, कारण ते क्षुल्लक नाही. ‘वापरकर्त्याचा प्रोग्राम मोडू नका’ हा लायनस टोरवाल्ड्स यांचा प्रसिद्ध दंडक. याच दंडकामुळे वीस वर्षांपूर्वी बांधलेला प्रोग्राम आजच्या लिनक्सवर चालतो. कोणत्या कारखान्यात, कोणत्या यंत्रात जुना पर्याय वापरात आहे हे कर्नेलकर्त्यांना घरबसल्या कळत नाही. हे सारे खरे. पण कळत नाही म्हणून विचारायचेही नाही, हा त्यातून काढलेला निष्कर्ष आळशी आहे. पर्याय वापरणाऱ्या प्रोग्रामचे नाव नोंदवहीत लिहिणे कर्नेलला सहज जमते. त्याने ते केलेलेही आहे.

१२/
एसओ-बीएसडीकॉम्पॅट, क्रमांक १४, याची गोष्ट त्यासाठी वाचावी. यूडीपीने पाठवलेले पाकीट पोहोचले नाही, तर वाटेतून त्रुटीचा निरोप परत येतो. लिनक्स तो प्रोग्रामला देत असे. बीएसडी जोडणी न केलेल्या सॉकेटला देत नसे. बीएसडीच्या वर्तनावर विसंबलेल्या प्रोग्रामांसाठी लिनक्स २.० आणि २.२ मध्ये हा पर्याय होता: चुकीशी चूक जुळवणारी सुसंगती. २००१ च्या २.४ मध्ये त्याचे काम काढून घेतले. पण प्रोग्रामला उत्तर पूर्वीचेच मिळत राहिले: ‘झाले.’ इशारा आला तो २००३ अखेरच्या २.६ मध्ये.

१३/
क्रम पाहावा. आधी पगार बंद, मग जवळजवळ तीन वर्षांनी बडतर्फीचे पत्र. इशारा सुरू झाल्यावर मात्र त्याचा परिणाम दिसला. डीएनएस सेवा देणाऱ्या ‘बाइंड’चा ‘नेम्ड’ हा प्रोग्राम कालबाह्य पर्याय वापरत आहे, अशी ओळ असंख्य प्रशासकांच्या नोंदवह्यांत उमटली. कोण वापरतो, हे नावानिशी कळले. हीच ओळ २.४ मध्ये आली असती तर?

१४/
याहून वाईट प्रकारही आहे. लिनक्सच्या त्याच यादीत २२, २३ आणि २४ हे तीन क्रमांक अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेच्या आयपीव्ही६ कामातून आले आहेत. नावांत प्रमाणीकरण आहे, एन्क्रिप्शनही आहे. शेजारी टीप आहे, की ते प्रत्यक्षात काहीच करत नाहीत. सुरक्षेचे नाव धारण करणारी रिकामी कळ यादीत ठेवण्याचे समर्थन कोणत्या दंडकाने होते?

१५/
नीट करता येत नाही, असेही नाही. १९ जानेवारी २०३८ रोजी ३२ बिटांत मोजलेले सेकंद संपतात. पाकीट कधी आले हे सांगणाऱ्या एसओ-टाइमस्टॅम्प पर्यायाला तो धोका होता. २०१९ च्या लिनक्स ५.१ मध्ये जुन्या २९ क्रमांकाला ‘ओल्ड’ हे नाव मिळाले आणि ‘न्यू’साठी ६३ हा क्रमांक दिला. जुना बांधलेला प्रोग्राम चालत राहिला. ६४ बिटांच्या वेळेसह नव्याने बांधला की त्याला आपोआप नवा क्रमांक मिळाला. आणि काढायचेच ठरले तर तेही जमते: डेकनेट हे सॉकेटांचे अख्खे कूळ २०२२ मध्ये लिनक्स ६.१ मधून काढून टाकले.

१६/
तेव्हा मागणी अवाजवी नाही. ‘कालबाह्य’ हा शब्द लिहिताना तीन गोष्टी सोबत लिहाव्यात: कोणत्या आवृत्तीपासून इशारा, कोणत्या आवृत्तीपासून मूळ स्थितीत बंद, कोणत्या आवृत्तीत गच्छंती. बंद झालेल्या पर्यायाने ‘झाले’ असे खोटे उत्तर न देता स्पष्ट त्रुटी द्यावी. ज्याला खरोखर गरज आहे तो हाताने चालू करील, आणि निदान तो कोण हे कळेल.

१७/
हॉर्न यांच्या अहवालानंतर कर्नेलमधील ती चूक दुरुस्त झाली. क्रोमने आपल्या बंदिस्त खोलीतून एमएसजी-ओओबी पाठवण्यास मनाई केली. टीसीपीमध्ये ती सोय अजून आहे. आरएफसी ९२९३ नुसार ती असणे बंधनकारक आहे.