पावती नसलेली माती

डहाणू तालुका सरकारदरबारी पर्यावरणदृष्ट्या नाजूक आहे. २० जून १९९१ला केंद्राने तशी अधिसूचना काढली, भोवती २५ किलोमीटरचा राखीव पट्टा आखला आणि १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून न्या. चंद्रशेखर धर्माधिकारींचं प्राधिकरण राखणीला बसलं. तळासरी शेजारीच, म्हणजे ती या पट्ट्यात आलीच. एवढा बंदोबस्त सरकारच्या जावयालाही मिळत नाही.

आता या नाजूक अंगावरून द्रुतगती महामार्ग चाललाय, बुलेट ट्रेन चाललीय, मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग चाललाय. डोंगर कापा, खाचरात भराव टाका. आणि डोंगरातला मुरूम उचलायचा म्हटला की आपली महसूल यंत्रणा कशी खडबडून जागी होते! ब्रासगणिक स्वामित्वधन. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, एक घनफूट इकडचं तिकडे नाही. रात्री हायवा अडवून पावती मागतात. मागावीच. पण तीच माती जूनच्या पहिल्या दणक्यात भरावावरून सुटली, मोरीतून ओहोळात आणि ओहोळातून कोणाच्या तरी राबावर जाऊन बसली, की ती बेवारस. पावसाकडे रॉयल्टीची पावती कोण मागणार?

एखाद्या साइटवरची ती हिरवी जाळी निरखून पाहा. डोळ्यांच्या उंचीला ताठ, हिरवीगार, वर 'पर्यावरणस्नेही' असा फलक. खाली हातभर फट. गाळ अडवणाऱ्या जाळीची खालची कड वीतभर जमिनीत गाडावी लागते, कारण (अभियंत्यांना हे सांगताना मलाच संकोच होतो) पाणी खालून वाहतं. पण खाली वाकून बघणारा पाहुणा अजून आलेला नाही, मग कड गाडायची कोणासाठी?

यात रॉकेटशास्त्र कुठलंय? उघडा उतार पेंढ्याने झाका, गवत लावा, वरचं पाणी चर काढून बाजूला वळवा, ओहोळाआधी गाळ बसायला खड्डा ठेवा. हे इथल्या वारली बाईला सांगायला गेलात तर ती हसेल. खाचराचा बांध ती दरसाल लिंपते. सरकारलाही ठाऊक आहे. मृद व जलसंधारण नावाचं अख्खं खातं आहे, डोंगरउतारावर सलग समतल चर खणणारं. एका खात्याने चर खणून माती धरायची, दुसऱ्याने पोकलेन लावून सोडायची. मग २०१७ची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आहेच. आधी गाळ धरणात जाऊ द्या, मग पैसे मोजून उपसा, मग शेतकऱ्याला वाटा आणि फोटो काढा. चक्रीय अर्थव्यवस्था म्हणतात ती हीच असावी.

कायद्याचं काय? २८ मार्च २०२०. टाळेबंदीचा चौथा दिवस, तुम्ही-आम्ही दूध मिळेल का या विवंचनेत. आणि केंद्राने रस्ते-रुळांसाठी माती खणायला पर्यावरण मंजुरी नको असं ठरवून टाकलं. सर्वोच्च न्यायालयाने ही सवलत रद्द केली २१ मार्च २०२४ला. चार पावसाळे त्यात निघून गेले. रेल्वेमार्ग तर २००६च्या पर्यावरण मंजुरीच्या यादीतच नाहीत. रूळ बहुधा हवेत टाकतात.

अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते की बांधकामाच्या जागेवरून शेतापेक्षा १० ते २० पट आणि जंगलापेक्षा १००० ते २००० पट गाळ वाहतो. तिथे एकरभर जमीन उकरायची तरी गाळ कसा रोखणार ते आधी लिहून द्यावं लागतं. आपल्याकडे वाढवण बंदरासाठी समुद्रात १४४८ हेक्टर भराव घालायचा, त्या बंदराचा खर्च ७६,२२० कोटी. वाहून आलेल्या गाळाचा खाडीतला भराव मात्र विनामूल्य, घरपोच.

समित्या नकोत, कार्यशाळा तर नकोतच. ३१ मेला प्रत्येक साइटवर जा, उतार झाकलाय का, जाळीची कड गाडलीय का, ते बघा. नसेल तर कंत्राटदाराचं चालू बिल अडवा. आठवड्यात गवत उगवलं नाही तर मला विचारा.