रडतोंडीची वाट आणि घड्याळ

गेल्या मार्गशीर्षात सुरतेस जाण्याचा योग आला. गोडादरा भागात आमच्या भाचीचे बिऱ्हाड आहे. सासर मूळचे धुळ्याकडचे. गोडादऱ्याच्या शेजारीच पर्वत नावाची वस्ती आहे आणि ‘पर्वत पाटिया’ हा नाका साऱ्या सुरतेला ठाऊक आहे. नावात पर्वत, पण भूमी तळहातासारखी सपाट! अशा ठिकाणी पहाटे साडेपाचास भाचीचा मुलगा घामाने निथळत घरात आला, तेव्हा आम्ही सहज चौकशी केली. तो जवळच्या उड्डाणपुलाचा चढ वीस वेळा धावून आला होता. “कशासाठी रे?” तर म्हणाला, “आजोबा, रडतोंडीसाठी.”

सप्तशृंगीच्या गडाची वाट ज्यांनी पायांनी तुडविली आहे, त्यांना रडतोंडी म्हणजे काय हे सांगावयास नको. पायथ्याच्या नांदुरी गावाहून मोटारीची सडक वळणे घेत वर जाते. पण जुनी पायवाट सरळ अंगावर येते, आणि तिच्या नावातच चढणाराचे तोंड कसे होते ते सांगून ठेवले आहे. हा मुलगा आणि त्याचे चार सोबती ती वाट धावत चढतात आणि हातातल्या घड्याळावर वेळ मोजतात. हे ऐकताच त्याच्या आजीने, सुरतेत चाळीस वर्षे राहूनही न सोडलेल्या अहिराणीत, विचारले, “आईना गडवर कोणी पयस का?” आईच्या गडावर कोणी धावते का, हा तो प्रश्न. घरोघरच्या वडीलधाऱ्यांचा तोच असेल, म्हणून त्याचा विचार येथे करावा असे वाटते.

खडा चढ धावणे हा आज जगभर मान्यता पावलेला खेळ आहे. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक हे शहर आल्प्सच्या कुशीत समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे मीटरांवर वसले आहे. त्याच्या डोक्यावरचे हाफेलेकार शिखर 2,334 मीटर उंच आहे. तेथे 1928 पासून दोरीची गाडी चालते, तरीही तिच्याखालच्या वाटांवरून तेथील माणसे हौसेने धावत वर जातात. आणि 2023 साली डोंगरी धावण्याची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा त्याच परिसरात भरली. आपल्याकडेही हे नवे नाही. गिरनारच्या पायऱ्यांवर दरवर्षी हिवाळ्यात शर्यत होते. मुलगे अंबाजीपर्यंतच्या सुमारे साडेपाच हजार पायऱ्या चढून उतरतात आणि पहिला येणारा हे काम तासाभरात उरकतो. साताऱ्यास 2012 पासून यवतेश्वराच्या घाटातून कासच्या वाटेने शर्यत धावली जाते.

तेव्हा प्रश्न धावण्याचा नाही. गडाला घड्याळ लावावे काय, हा आहे. आजीबाईंच्या बोलण्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. देवीच्या दारी जाताना माणूस आपले मीपण पायथ्याशी ठेवून जातो. घड्याळ लावणारा ते मनगटावर बांधून नेतो. शिवाय चैत्रातील यात्रा म्हणजे माणसांचा महापूर. खानदेशातून आणि सुरतेकडून लोक उन्हातान्हात, खांद्यावर निशाणे घेऊन, दिवसचे दिवस चालत येतात. त्या गर्दीत धावणे हा खेळ नसून उपद्रव आहे. आमच्या या नातवानेच प्रांजळपणे सांगितले की पहिल्या वर्षी तो यात्रेत धावला, त्याचा धक्का लागून एका म्हातारीच्या हातातील पाण्याचा तांब्या कलंडला, आणि ती काही बोलली नाही म्हणूनच त्याला ते अधिक लागले. तेव्हापासून तो यात्रा टाळून, थंडीत, आडवारी जातो आणि मंदिराच्या पायऱ्यांवर मुळीच धावत नाही. रडतोंडी संपली की घड्याळ बंद. हा नियम त्याला कोणी शिकविला नाही.

आमच्या मते एवढा विवेक असेल तर घड्याळाला हरकत घेण्याचे कारण नाही. चढ हा मोठा सत्यवक्ता गुरू आहे. सपाटीवर उसने अवसान काही काळ टिकते. खड्या वाटेवर शंभर पावलांत उघडे पडते. आल्प्समधले कसलेले धावपटूदेखील फार खडी वाट आली की धावणे सोडतात आणि गुडघ्यांवर हात रोवून लांब टांगा टाकीत चालतात. कारण तेथे धावण्याने दम जातो आणि वेळ मात्र वाचत नाही. उतारावर तर अधिक जपावे लागते. चढताना कस लागतो तो छातीचा. उतरताना देहाचा सारा भार मांड्या आणि गुडघे झेलीत असतात, आणि पाय घसरतो तो बहुधा तेव्हाच. डोंगराचा लहरीपणाही विसरून चालत नाही. मे 2021 मध्ये चीनच्या गान्सू प्रांतातील लांब पल्ल्याच्या शर्यतीत अकस्मात थंड वारा आणि पाऊस आला व एकवीस धावपटू गारठून दगावले. तेव्हा धाडसाइतकेच माघारी फिरण्याचे शहाणपणही मुलांना शिकविले पाहिजे.

आता थोडे आपल्याविषयी. बडोद्यातील आपण जुनी मराठी घराणी सुरतेकडच्या या खानदेशी मंडळींकडे, खरे सांगावयाचे तर, काहीशा वरच्या पायरीवरून पाहत आलो. ती मागाहून, तापीकाठच्या रेल्वेने, मागावर आणि कापडाच्या बाजारात पोट भरावयास आलेली. आपण सरकारवाड्याच्या छायेतले! पण सप्तशृंगीच्या पायऱ्या 1710 च्या सुमारास उमाबाई दाभाडे यांनी बांधविल्या असे परंपरा सांगते. आणि त्याच दाभाड्यांच्या पदरी पिलाजीराव गायकवाडांचा उदय झाला. म्हणजे ती वाट आपल्याही इतिहासातली. ती तुडविण्याचे मात्र त्यांनी चालू ठेवले आणि आपण सोडले. पावागडावर 1986 पासून दोरीची गाडी आहे. आपल्यापैकी किती घरांतील मुलांनी तो गड पायी चढला आहे, हे ज्याने त्याने घरी विचारून पाहावे. गाड्यांना आमचा विरोध नाही. सप्तशृंगीवर 2018 पासून रुळांवरची गाडी झाली, तिने कितीतरी वृद्धांना व अपंगांना दर्शन घडविले. परंतु म्हाताऱ्यांसाठी केलेली सोय तरुणांची सवय होऊन बसावी, हे बरे नव्हे.

म्हणून एक सूचना. पिलाजीरावांनी 1719 मध्ये घेतलेला सोनगड, गायकवाडीचे पहिले ठाणे, सुरत–जळगाव रेल्वेच्या वाटेवर उभा आहे. उंची बेताची, पण चढ खरा. बडोद्याच्या आणि सुरतेच्या मराठी मंडळांनी मिळून वर्षातून एकदा, थंडीच्या दिवसांत, तेथे मुलामुलींची चढाई भरवावी. वेळ मोजावी, पण उतरण्याची शर्यत लावू नये; आणि शेवटचे मूल खाली येईपर्यंत बक्षिसे वाटू नयेत. बडोद्याचे मूल आणि गोडादऱ्याचे मूल एकाच वाटेवर धापा टाकू लागले, म्हणजे जुने कोण आणि नवे कोण हे विचारण्याइतका दम कोणाच्या छातीत उरणार नाही.

निघण्याच्या दिवशी आम्ही आजीबाईंना विचारले, नातवाचे धावणे आता पटले काय? त्या म्हणाल्या, पटले नाही. पण पुढच्या खेपेस त्याच्या पिशवीत गडावर वाहण्यासाठी नारळ त्यांनीच घालून ठेवला होता.