जंगल ग्रामसभेकडेच हवं

आदिवासींना हक्क दिले तर जंगल साफ होईल, ही भीती २००६ च्या वनहक्क कायद्याच्याही आधीपासून घातली जाते. हवामानबदलाच्या चर्चेने आता तिला नवं बळ दिलं आहे. जंगल कर्ब साठवतं, म्हणून ते वनखात्यानेच सांभाळावं. गावकऱ्यांसाठी जनजागृतीची शिबिरं पुरेत, असं म्हटलं जातं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावकडे पाहिलं की हा युक्तिवाद टिकत नाही. या गोंड गावाला २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. तिथे हमखास रोख पैसा होता तेंदूपानांत. पण कोवळी पानं भरपूर फुटावीत म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर झुडपं छाटतात, आगही लावतात. त्या आगीत पाल्याखालची ओल, बी, नुकती उगवलेली रोपं, सगळं जातं. ग्रामसभेने बसून हिशेब मांडला आणि तेंदूचा व्यापार सोडून दिला. आता टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, झाडावरच पिकतात. माणसं खातात, पाखरंही. कमाईची भिस्त बांबूवर. जाळपोळ थांबवण्याचा हा निर्णय कुठल्या शिबिरातून आला नाही, मालकीतून आला.

हक्काचा आधार दुष्काळातही होतो. धान निसवताना पावसाने दडी मारली की कोरडवाहू शेतकऱ्याचं वर्ष बुडतं. अशा वर्षी गावातच बांबूतोडीची मजुरी मिळाली, तर घर बंद करून बाहेर जावं लागत नाही.

पण नुसता कागद पुरत नाही. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरचा हक्क मिळाला, तरी बांबूचे वाहतूक परवाने खात्याकडेच अडले. बांबू गावाचा, पण बाहेर न्यायची सोय नाही! एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले, तेव्हा कुठे परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं.

सगळ्याच ग्रामसभा अशा जागरूक नसतात, हा आक्षेप मात्र खरा आहे. काही ठिकाणी ठेकेदारच कारभार हाकतो. तिथे हिशेबनीस, लिलावाची माहिती आणि हंगामापुरतं खेळतं भांडवल द्यायला हवं. गावाचा हिशेब कच्चा आहे म्हणून त्याचा हक्क काढून घेणं हा उपाय नव्हे.

पैशांची सबबही चालणार नाही. भरपाई वनीकरणाच्या निधीतून केंद्राने २०१९ मध्ये २७ राज्यांना ४७ हजार कोटींहून अधिक रुपये दिले. त्याचे आराखडे वनखातं करतं; ग्रामसभेच्या वाट्याला येते ती सल्लामसलत. वनहक्क मिळालेल्या गावांत हा निधी थेट ग्रामसभेच्या खात्यात जमा व्हावा आणि कुठे काय लावायचं, कुठे काहीच लावायचं नाही, हे तिनेच ठरवावं.