ज्ञानाराधना : स्वाध्यायाच्या वहीतून शोधपत्रिकेकडे



वारणानगरच्या महाविद्यालयातून पदवी घेऊन पुढे कोल्हापूरला किंवा पुण्याला प्राकृत, जैनविद्या अथवा तत्त्वज्ञान या विषयांत संशोधन करणारी मुले-मुली आता आपल्या घरांतून दिसू लागली आहेत. सुटीत ती गावी आली की एक संभाषण हमखास घडते. मार्गदर्शकांनी ‘पेपर’ पाठवावयास सांगितलेला असतो आणि आजोबा म्हणतात, ‘‘अगं, उत्तम क्षमेवरचा तुझा लेख पर्युषण अंकात आलाच की! तोच पाठवून दे.’’ आजोबांचा सल्ला आपुलकीचा आहे; परंतु तो लेख तसाच पाठविला तर परत येईल, आणि तो का परत येईल हे नातीलाही नीटसे सांगता येत नाही. या वेळचे सदर त्या दोघांसाठी आहे.

आपल्या मासिकाचा वाचक आपल्याशी श्रद्धेने जोडलेला असतो. आगम, आचार्य, परंपरा यांचे प्रामाण्य गृहीत धरूनच तो वाचावयास बसतो. शोधपत्रिकेचा वाचक तसा नसतो. तो लंडनला असेल, टोकियोला असेल, कदाचित आपल्याच धर्माचा असेल. पण वाचताना तो एकच प्रश्न विचारीत राहतो : ‘हे तुम्हांस कशावरून कळले?’ या प्रश्नात अश्रद्धा नाही. प्रमाणाची चर्चा ज्या परंपरेने शतकानुशतके केली, तिला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही.

हे काम कसे करावे याचा वस्तुपाठ आपल्याच परिसरात घडला आहे. डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांचा जन्म ६ फेब्रुवारी १९०६ रोजी सदलगा येथे झाला. १९३० साली ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधीचे अध्यापक झाले आणि अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, १९३३ मध्ये, यापनीय संघाविषयीचा त्यांचा इंग्रजी निबंध मुंबई विद्यापीठाच्या शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाला. विषय नाजूक होता. यापनीय मुनी दिगंबरांप्रमाणे नग्न राहत, परंतु स्त्रीमुक्ती आणि केवलींचा आहार मानीत. म्हणजे आचाराने एकीकडे आणि मताने दुसरीकडे. दोन्ही परंपरांनी त्यांना दूर ठेवले आणि पुढे तो संघ लुप्त झाला, त्यामुळे त्यांची बाजू सांगणारे कोणी उरले नाही. उपाध्ये स्वतः दिगंबर घराण्यातले. त्यांनी हा विषय घेतला, आणि तोही एका विद्यापीठाच्या पत्रिकेत, परक्यांच्या नजरेसमोर, याचे मला आजही विशेष वाटते.

या विषयाची साधने पाहिली म्हणजे संशोधनलेख आणि स्वाध्यायाची वही यांतील अंतर ध्यानी येते. देवसेनांच्या ‘दर्शनसार’ या विक्रम संवत ९९० मधील ग्रंथात असे सांगितले आहे की, कल्याण नगरात श्रीकलश नावाच्या श्वेतांबर साधूपासून यापनीय संघ निघाला. वर्ष काही पोथ्यांत २०५ आहे, तर काहींत ७०५. त्याहून पुष्कळ नंतरच्या रत्ननंदींच्या ‘भद्रबाहुचरिता’त कथा निराळी आहे, आणि ती तर आपल्या शेजारच्या कऱ्हाडची. करहाटकाच्या राजाच्या राणीने माहेराकडून श्वेतांबर साधूंना बोलाविले. राजाला त्यांचा वेष रुचला नाही. तेव्हा राणीच्या विनंतीवरून त्यांनी दिगंबर वेष धारण केला, मते मात्र पूर्वीचीच ठेवली, आणि त्यांतून यापनीय झाले.

कथा रंजक आहे. प्रवचनात ती सांगावी आणि लोकांनी माना डोलवाव्यात. संशोधकाला मात्र येथे थांबून विचारावे लागते : हे सांगतो कोण, कोणाविषयी आणि किती काळानंतर? दोन्ही ग्रंथकार त्या संघाच्या बाहेरचे. आता खानापूर तालुक्यातील हलशीच्या ताम्रपटाकडे वळा. तो पाचव्या शतकातील. त्यात कदंब राजा मृगेशवर्मा याने यापनीय, निर्ग्रंथ आणि कूर्चक या तिघांना दान दिल्याचा उल्लेख आहे. म्हणजे पाचव्या शतकात हा संघ राजमान्य होता. विक्रम संवत ७०५ म्हणजे इसवी सन ६४८ च्या आसपास. तेव्हा त्या वर्षी संघ निघाला असे सांगणारा पाठ ताम्रपटापुढे टिकत नाही. एका पोथीतला एक आकडा आणि एक तांब्याचा पत्रा समोरासमोर ठेवले, की असा निर्णय हाती येतो. आणि रत्ननंदींची कथा? ती टाकून द्यावयाची नाही. यापनीय कसे निघाले हे ती सांगत नसेल. पण पुढच्या लोकांना ते कसे वाटत होते हे ती उत्तम सांगते. साधन तेच, प्रश्न बदलला.

जाता जाता आणखी एक. बेळगावच्या दोड्ड बसदीतील नेमिनाथांच्या मूर्तीचा संबंध यापनीय संघाशी असल्याचे तिच्यावरील लेख सांगतो. आज त्या मूर्तीपुढे दिगंबर श्रावक भक्तीने हात जोडतात. कोणाच्या श्रद्धेला त्यामुळे उणेपणा आलेला नाही.

उपाध्ये यांनी हा विषय एका निबंधावर सोडला नाही. एकेचाळीस वर्षांनी, १९७४ साली, पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या ‘अॅनल्स’च्या ५५व्या खंडात यापनीय संघावर अधिक प्रकाश टाकणारा त्यांचा दुसरा निबंध आला. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९७५ मध्ये, ते निवर्तले.

आता नातीच्या लेखाकडे येऊ. पहिली अडचण विषयाच्या आवाक्याची. ‘अनेकांतवाद आणि विश्वशांती’ किंवा ‘जैन धर्म व आधुनिक विज्ञान’ असे शीर्षक पाहिले की संपादकाचा उत्साह तेथेच मावळतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. विषय एवढा लहान घ्यावा की त्यातले सगळे आपण स्वतः पाहिलेले असेल : एक पोथी, एक मूर्तिलेख, एका गाथेवरील दोन टीकांतील भेद. गावच्या मंदिरातील पोथी घ्यावयाची असेल, तर त्या ग्रंथाच्या इतर प्रती कोठे नोंदल्या आहेत हे ह. दा. वेलणकरांच्या ‘जिनरत्नकोशा’त (भांडारकर संस्था, १९४४) आधी पाहावे. पुष्पिकेत भट्टारकांचे नाव आले, तर डॉ. विद्याधर जोहरापूरकरांचा ‘भट्टारक संप्रदाय’ (सोलापूर, १९५८) उघडावा. ही दोन पुस्तके न पाहता पाठविलेला लेख परीक्षकाला लगेच ओळखू येतो.

गावाच्या प्राचीनतेविषयी तर विशेष सावध असावे. शिलाहार विजयादित्याचे शके १०६५ चा कोल्हापूरचा आणि शके १०७३ चा बामणीचा असे दोन दानलेख प्रसिद्ध आहेत. त्यांत माघनंदी सिद्धांतदेव आणि क्षुल्लकपूर, म्हणजे कोल्हापूर, येथील रूपनारायण बसदी यांचा उल्लेख आहे. अशा लेखात आपल्या गावाचे नाव असेल तर ते ओळीच्या क्रमांकासह द्यावे. नसेल, तर ‘मंदिर शिलाहारकालीन आहे’ असे न लिहिता ‘परंपरेनुसार’ एवढा एक शब्द जोडावा. त्यात गावाचा काही कमीपणा नाही.

टीपांचे काम कंटाळवाणे खरे, पण लेखाचा कस तेथेच लागतो. ‘प्रवचनसार, गाथा अमुक’ एवढ्याने भागत नाही. कारण अमृतचंद्रांच्या टीकेत या ग्रंथाच्या गाथा २७५ आहेत, तर जयसेनांच्या टीकेत ३११. कोणती आवृत्ती, संपादक कोण, वर्ष कोणते, हे दिले नाही तर वाचक भलत्याच गाथेवर जाऊन पोहोचतो. उपाध्ये यांनी १९३५ साली काढलेल्या आवृत्तीत दोन्ही टीका आहेत. ती हाताशी असावी.

लेख टंकित करताना आपल्याकडे एक अडचण नेमाने येते. छापखान्यातून बसविलेला मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या टंकात असतो. तो दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांऐवजी कोडे दिसते. युनिकोडमध्येच लिहावे. इंग्रजी लेखात प्राकृत-संस्कृत शब्द रोमन लिपीत देताना दीर्घ स्वरांवरील रेघा आणि मूर्धन्य अक्षरांखालील टिंबे त्या पत्रिकेच्या पद्धतीने आणि अथपासून इतिपर्यंत सारखी द्यावीत. सारांश आणि बीजशब्द किती शब्दांत हवेत ते प्रत्येक पत्रिका आपल्या सूचनांत सांगते. त्या सूचना पंचांगासारख्या, बारकाईने वाचाव्यात. पोथीची छायाचित्रे देणार असाल तर विश्वस्तांची लेखी अनुमती आधी घ्यावी. एका वेळी लेख एकाच पत्रिकेकडे पाठवावा. दोन ठिकाणी पाठविणे हा या क्षेत्रात अपराध मानला जातो.

आजोबांना खटकेल असे एक आहे. शोधलेखात ‘परमपूज्य १०८’ लिहीत नाहीत. नुसते ‘कुंदकुंद’ किंवा ‘समंतभद्र’ लिहितात. हा अनादर नव्हे. ज्या पानावर सर्व मतांचे आचार्य एकत्र येतात, तेथे कोणा एकास पदवी आणि दुसऱ्यास नुसते नाव असे करता येत नाही. भक्तीची जागा दुसरी आहे, आणि ती कोणी काढून घेतलेली नाही.

बहुतेक पत्रिकांत लेख दोन तज्ज्ञांकडे जातो. लेखक कोण हे परीक्षकांना आणि परीक्षक कोण हे लेखकाला कळत नाही. म्हणून लेखाच्या संचिकेतून आपले नाव, आभार आणि ‘माझ्या मागील लेखात म्हटल्याप्रमाणे’ अशी वाक्ये काढावीत. नाव, पत्ता, संस्था हे सोबतच्या पत्रात द्यावे. मग वाट पाहावयाची. सहा महिने, कधी वर्षही. अभिप्राय येतो तेव्हा तो बहुधा बोचतो. अशा वेळी ‘द्रव्यसंग्रहा’ची शेवटची गाथा आठवावी. आपले श्रुतज्ञान अल्प आहे, तेव्हा दोषरहित व श्रुतपूर्ण मुनिश्रेष्ठांनी हा ग्रंथ शुद्ध करावा, अशी विनंती तेथे नेमिचंद्र मुनी करतात. परीक्षकाच्या प्रत्येक मुद्द्याला क्रमाने उत्तर द्यावे : कोणता मान्य, कोठे बदल केला, कोणता अमान्य आणि कोणत्या पुराव्याने. रागाने लिहिलेले पत्र एक रात्र ठेवून सकाळी पुन्हा वाचावे.

छापून आल्यावरही मतभेद होतातच. उपाध्ये यांनी ‘प्रवचनसारा’च्या प्रस्तावनेत कुंदकुंदाचार्यांचा काळ इसवी सनाच्या आरंभी ठेवला, मधुसूदन ढाकी यांनी १९९१ मध्ये तो आठव्या शतकापर्यंत खाली आणला. आपल्यातील अनेकांना हे रुचणार नाही. मलाही ढाकींचा निष्कर्ष पटत नाही. पण त्याचे उत्तर निषेधाच्या ठरावाने देता येत नाही. ते तितक्याच पुराव्यांनिशी लिहिलेल्या दुसऱ्या लेखानेच द्यावे लागते, आणि तो लेख लिहिणारी माणसे आपल्याकडे तयार व्हावीत असे मला फार वाटते.

लेख कोठे पाठवावा? भांडारकरांचे ‘अॅनल्स’ आहेच. इंदूरच्या कुंदकुंद ज्ञानपीठाचे ‘अर्हत् वचन’ आहे. लंडनच्या ‘सोआस’मधून २००५ पासून जैन अध्ययनाला वाहिलेली एक आंतरराष्ट्रीय पत्रिका संगणकावर विनामूल्य वाचावयास मिळते, आपला लेख तेथे न गेला तरी तिच्यातील दोन-चार लेख वाचून घाट कळतो. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य पत्रिकांची ‘केअर’ यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे निवडीची जबाबदारी आता अधिक आपल्यावर आली आहे. ‘चार दिवसांत प्रसिद्धी, शुल्क अमुक हजार’ असा निरोप आला की समजावे, तेथे लेख कोणी वाचणार नाही. वडिलांनी उसाच्या बिलातून असे पैसे भरू नयेत.

पुढील अंकात मंदिरांतील पोथ्या कशा हाताळाव्यात आणि त्यांची छायाचित्रे कशी घ्यावीत, याविषयी लिहिण्याचा विचार आहे. वारणा काठच्या ज्या मंदिरांत पोथ्यांचे बासन आहे, तेथील विश्वस्तांनी पोथ्यांची संख्या आणि स्थिती आधी कळविल्यास ते लिहिणे सोपे जाईल.