छात्राध्यापकालाही विद्यावेतन हवे

एमबीबीएसची आंतरवासिता करणाऱ्या तरुण डॉक्टरला महाराष्ट्रातील शासकीय महाविद्यालयात दरमहा १८ हजार रुपये विद्यावेतन मिळते. २०२४च्या सुरुवातीला ते ११ हजारांवरून वाढवण्यात आले आणि ती वाढ रास्तच होती. कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून लागणाऱ्या मुलाला विद्यावेतनाचा हक्क १९६१च्या कायद्यानेच दिला आहे. २०२४मध्येच आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णाला ६ हजार, पदविकाधारकाला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार रुपये महिना देण्याचे ठरले, आणि या योजनेतील काही प्रशिक्षणार्थी शाळांमध्येही नेमले गेले. म्हणजे काम शिकताना पोटाला आधार द्यायचा, हे तत्त्व राज्याने मान्य केलेलेच आहे. फक्त जो शिक्षक होण्यासाठीच शिकतो आहे, त्याला ते लागू नाही. डी.एल.एड. किंवा बी.एड.चा विद्यार्थी, म्हणजेच छात्राध्यापक, शाळेत महिनोन्‌महिने वर्ग घेतो, टाचण काढतो, उत्तरपत्रिका तपासतो, एखादे शिक्षक रजेवर असले तर त्यांचा तासही सांभाळतो. या कामाचा त्याला एक रुपया मिळत नाही. उलट त्याच काळाचे शुल्क तो महाविद्यालयात भरत असतो.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या नियमांनी बी.एड. एक वर्षाचे दोन वर्षांचे झाले आणि प्रत्यक्ष शाळेत घालवायचा काळ २० आठवड्यांवर गेला. त्यातले १६ आठवडे दुसऱ्या वर्षात येतात. डी.एल.एड.लाही २० आठवड्यांचीच अट आहे. शैक्षणिकदृष्ट्या हा बदल योग्य होता, कारण वर्ग हाताळायला माणूस वर्गातच शिकतो. पण प्रशिक्षणाची मुदत वाढवताना त्या मुदतीत घर कसे चालायचे, याचा विचार कोणीही केला नाही. बी.एड.ला येणारा विद्यार्थी पदवीधर असतो. त्याच्या वयाची मुले कमवायला लागलेली असतात आणि घरचेही त्याच्याकडे त्याच अपेक्षेने पाहत असतात. विवाहित विद्यार्थिनींची ओढाताण आणखी वेगळी. नोकरी लागली तरी पहिली तीन वर्षे मानधनावर, शिक्षणसेवक म्हणूनच काढावी लागतात. हे मानधन जानेवारी २०२३पासून वाढले, तरी प्राथमिक शिक्षकासाठी ते १६ हजारच आहे. नोकरीच्या आधी शिक्षक पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, मग शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरची प्रतीक्षा. एवढी वर्षे कळ काढणे ज्या घराला परवडते, त्याच घरातला मुलगा किंवा मुलगी निर्धास्तपणे या वाटेला लागते.

बाकीचे काय करतात, हे शिक्षण क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. नाव महाविद्यालयात आणि नोकरी दुसरीकडेच, अशी ‘नॉन-अटेंडिंग’ची रीत अनेक ठिकाणी मुरली आहे. हजेरीपत्रकावर सह्या होतात, सराव पाठांच्या वह्या भरतात, शाळेचा शिक्काही मिळतो. यात संस्थांचा लोभ आहे, यात शंकाच नाही. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. जे. एस. वर्मा आयोगाचा २०१२चा अहवाल महाराष्ट्रातील डी.एड. (आताचे डी.एल.एड.) महाविद्यालयांच्या मान्यतेच्या वादातूनच जन्मला, आणि देशातील सेवापूर्व शिक्षक-शिक्षणाच्या सुमारे ९० टक्के संस्था खासगी असल्याचे त्यात नोंदले आहे. पण लोभी संस्थेला गिऱ्हाईक मिळते ते गरजेतून. ज्याला आंतरवासितेच्या काळात कमवावेच लागते, तो खोट्या हजेरीचा रस्ता धरतो. त्याला विनावेतन २० आठवडे राबायला सांगायचे आणि वर प्रामाणिक हजेरीचीही अपेक्षा धरायची, हे न्यायाचे नाही आणि व्यवहार्यही नाही. विद्यावेतन दिले, तरच हजेरी सक्तीने मागण्याचा नैतिक अधिकार सरकारला मिळेल. माझ्या मते विद्यावेतनाच्या बाजूचे सर्वांत भक्कम कारण हेच आहे.

पैसे थेट छात्राध्यापकाच्या बँक खात्यात जावेत आणि हजेरी महाविद्यालयाने नव्हे, तर ज्या शाळेत तो शिकवतो तिथल्या मुख्याध्यापकांनी प्रमाणित करावी. सरकारी पैसा मध्ये आला की तपासणीही येते. आज खोट्या हजेरीमुळे तिजोरीचे थेट नुकसान होत नाही, म्हणून तिच्याकडे काणाडोळा होतो.

यावर पहिला आक्षेप असा, की डी.एड., बी.एड. झालेले लाखो तरुण आधीच बेकार आहेत, मग आणखी शिक्षक घडवायला पैसा कशाला? हा आक्षेप खरोखरच गंभीर आहे. मे २०१२पासून भरती रोखली गेली, तेव्हापासून एक अख्खी पिढी ताटकळली. २०२३मध्ये झालेल्या अभियोग्यता चाचणीला दोन लाखांहून अधिक उमेदवार बसले आणि पुढे जाहिरात निघाली ती सुमारे २१ हजार जागांची. पण यावरून निष्कर्ष निघतो तो प्रवेशाच्या जागा कमी करण्याचा. गरजेपेक्षा कितीतरी अधिक प्रवेश देऊन, सर्वांना स्वखर्चाने शिकवून, शेवटी बहुतेकांना घरी बसवणे सरकारला फुकट पडते, म्हणूनच ते इतकी वर्षे चालले. दर प्रशिक्षणार्थीमागे तिजोरीतून पैसा जाऊ लागला, की किती शिक्षक लागणार, कोणत्या विषयाचे आणि कोणत्या जिल्ह्यात, हा हिशेब खात्याला मांडावाच लागेल.

दुसरा आक्षेप शिष्यवृत्त्यांचा. शुल्कात सवलत देणाऱ्या योजना आहेत आणि त्यांचा लाभही होतो. पण शुल्क माफ झाल्याने खोलीचे भाडे, खाणावळ आणि एसटीचा पास माफ होत नाही, बुडालेली मजुरीही भरून निघत नाही. पैसे घेऊन लोक दुसरीकडे जातील, ही भीतीही घातली जाते. सिंगापूरमध्ये प्रशिक्षणार्थी शिक्षकाला पगार मिळतो आणि त्याबदल्यात ठरावीक वर्षे शिकवण्याचा करार करावा लागतो. तसा करार इथेही करता येईल, मात्र नोकरी देण्याची हमी सरकारने घेतली, तरच. आणि विद्यावेतन नसले, तरीही लोक निघून जातातच. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२५पासून सरावकाळातील भावी शिक्षकांना, परिचारिकांना आणि समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना साप्ताहिक भत्ता सुरू केला, कारण विनावेतन सरावामुळे विद्यार्थी अभ्यासक्रम सोडून जात होते.

खर्चाचे गणितही अवघड नाही. महिना १० हजार धरले तर पाच महिन्यांचे ५० हजार होतात. वर्षाला ३० हजार छात्राध्यापक धरले, तरी रक्कम होते १५० कोटी. जे राज्य युवा कार्यप्रशिक्षणातून दरवर्षी दहा लाख तरुणांना विद्यावेतन देण्याची घोषणा करते, त्याला हा आकडा जड नाही.

१८८२मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत आणि त्यांना किमान १२ रुपये पगार मिळावा, असे मांडले होते. शिक्षक कोणत्या घरातून येतो आणि त्याला किती पैसे मिळतात, या दोन प्रश्नांची गाठ त्यांनी तेव्हाच ओळखली होती. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही ग्रामीण भागातील गुणवान विद्यार्थ्यांना चार वर्षांच्या एकात्मिक बी.एड.साठी विशेष शिष्यवृत्ती आणि पुढे त्याच भागात नोकरीत प्राधान्य, असे वचन दिले आहे. गोंडी, भिली किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलांना त्यांची भाषा जाणणारा शिक्षक मिळायचा असेल, तर तो गडचिरोली, नंदुरबार आणि मेळघाटातल्या घरांतूनच यावा लागेल. पण डी.एल.एड. शालेय शिक्षण विभागाकडे आणि बी.एड. उच्च शिक्षण विभागाकडे, या वाटणीत विद्यावेतनाचा विषय कोणाचाच राहिलेला नाही. दोन्ही खात्यांच्या मंत्र्यांनी एकत्र बसून येत्या अर्थसंकल्पात निदान आदिवासी जिल्ह्यांतील छात्राध्यापकांसाठी विद्यावेतनाची तरतूद करावी.